मदत हवी आहे: घरात तीन पिढ्या आणि तिघांचीही वजनं वाढताहेत

मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, नवरा ४२, सासूबाई ६८. गेल्या महिन्यात नवऱ्याची कंबर टेपने मोजली, ९७ सेंटीमीटर! भारतीय पुरुषांसाठी ९० च्या वर धोका धरतात, बायकांसाठी ८० (माझीही मोजली, आकडा सांगणार नाही). बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) आपल्याकडे २३ पासूनच जास्त समजतात, कारण आपली चरबी पोटाभोवती लवकर साठते.

खरी अडचण संध्याकाळची. हे सातला लोकलमधून उतरतात ते भुकेने कासावीस होऊन, आणि स्टेशनबाहेर वडापाव तयारच. घरी येऊन परत पोटभर जेवण, तेही साडेनऊला. डब्याबरोबर चणे-शेंगदाणे दिले तर ते दुपारीच ऑफिसात वाटून संपतात. पाचच्या भुकेला तुम्ही काय देता, जे गर्दीत उभ्याने खाता येईल?

मुलाला रोज तासभर धावपळ हवी. पण सोसायटीच्या आवारात गाड्याच गाड्या, चेंडू काचेला लागला की तक्रार. त्याला डाएटवर ठेवायचं नाहीये, वाढीचं वय आहे. फक्त मोबाइल समोर धरून जेवणं थांबवायचंय.

आणि सासूबाई! गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद, नातवाच्या ताटात तुपाची धार मात्र चालू. "बाळसं आहे गं ते, नजर लावू नकोस." त्यांना न दुखावता कसं सांगू? खुर्चीत बसून करायचे व्यायाम कुणाच्या घरी महिन्याच्या वर टिकलेत का?