अंगावर कोड आहे, नॅचरिझमबद्दल मनापासून विचारतेय

अंजर्लेकरीण
मी अंजर्ल्याची, वय ४८. पाठीवर, पोटावर, मांड्यांवर कोड आहे. संसर्ग नाही, दुखत नाही, डॉक्टरांनी कितीदा सांगितलंय. तरी हळदीकुंकवाला काही बायका माझ्या बोटांना बोट लागू न देता वाण ठेवतात. समुद्र घरामागे आहे, पण गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी गेले नाही. ओलं कापड अंगाला चिकटलं की डाग दिसतात.

भाचा जर्मनीत असतो. गणपतीला आला तेव्हा तिथल्या किनाऱ्यांबद्दल सांगत होता. सत्तरीच्या आज्या, पोट सुटलेले आजोबा, ऑपरेशनचे व्रण असलेली माणसं, सगळी कपड्यांशिवाय, आणि कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. असं चारचौघांत कपड्यांशिवाय वावरण्याला नॅचरिझम म्हणतात म्हणे. घरातले हसले. मला हसू आलं नाही. हर्णै बंदरावर साठीचे खलाशी उघड्या अंगाने जाळी ओढतात, त्यांच्या पोटाकडे कोण बघतं? बाईच्या दंडावर डाग असला तर अख्खा बाजार बघतो.

नॅचरिझमनं स्वतःच्या अंगाची लाज खरंच कमी होते का, की मुळात लाज नसलेलेच तिकडे जातात? पुळणीवर मला उघडं हिंडायचं नाही. इथं राहून यातलं काय घेता येईल? टवाळी करायची असेल त्यांनी कृपया लिहू नये.

गुहागरचा, सध्या रोस्टॉक
ताई, इथे जवळच वार्नेम्युंडला किनाऱ्याचा एक भाग त्यासाठी राखलेला आहे. पूर्व जर्मनीच्या काळापासून बाल्टिक समुद्रावर लोक मुलाबाळांसकट असे पोहत आलेत. मी गेलो तेव्हा सुरुवातीला सगळं लक्ष स्वतःच्या पोटावर. मग स्तन काढलेली एक बाई पाण्यातून आली, टॉवेलवर बसली आणि शेजारणीशी बटाट्याच्या भावावर बोलायला लागली. माझ्या पोटाचा विषय तिथेच संपला. फोटो काढणं आणि रोखून बघणं इथे अजिबात खपत नाही. तो विश्वास नसेल तर नुसते कपडे काढून काही साधत नाही. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट महासंघाची १९७४ची व्याख्याही स्वतःचा, दुसऱ्याचा आणि पर्यावरणाचा आदर यावरच उभी आहे.

ठाण्याचा वाचक
तुमच्या पहिल्या प्रश्नावर संशोधन झालंय. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ केऑन वेस्ट यांना सर्वेक्षणात दिसलं, की नॅचरिझममध्ये जास्त भाग घेणारे स्वतःच्या शरीराबद्दल आणि आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात. तुमची शंका त्यांनाही होती. म्हणून पुढे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एक कपड्यांत, एक कपड्यांशिवाय. २०२०मध्ये निष्कर्ष आला: कपड्यांशिवाय वावरलेल्यांची ‘लोक माझ्या शरीराला काय म्हणतील’ ही धास्ती घटली आणि शरीराबद्दलची आपुलकी वाढली. प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे.

आणि हे परकं खूळ नव्हे. मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून नग्नतेचा उघड पुरस्कार करत होते, अश्लीलतेचे खटले सोसून. त्याही आधी, १८९१मध्ये, आमच्या ठाण्यात क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने नग्नतावाद्यांचं छोटं मंडळ काढलं होतं. सार्वजनिक किनाऱ्यावर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागू शकतं, तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तो धोका पत्करू नका.

परिचारिका, रत्नागिरी
ताई, घरापासून सुरुवात करा. आंघोळ झाली की लगेच पातळ गुंडाळायचं नाही. आरशासमोर उभं राहून डागांना तेल लावा, सावकाश. कोडाच्या जागी रंगद्रव्य नसतं, त्यामुळे ती कातडी उन्हात पटकन भाजते. बाहेर पडताना सनस्क्रीन हवंच, आणि पोहायला सकाळी लवकर जा. पोहण्याचा अर्ध्या बाह्यांचा ड्रेस मिळतो, तो घालून गेलात तरी नॅचरिझममधलं पुष्कळ तुमच्या वाट्याला येईल.

अंजर्लेकरीण
सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून एक लक्षात आलं. माझ्यासारखं अंग असलेली दुसरी बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. असतील ना तालुक्यात कितीतरी, सगळ्या पूर्ण बाह्यांत. आरशात मी एकटीच दिसणार, दुसरी दिसायला हवी. दापोली ते गुहागर पट्ट्यात कुणाला कोड असेल, भाजल्याचे व्रण असतील, तर मला निरोप करा. दिवाळीनंतर समुद्र निवतो, तेव्हा सकाळी ड्रेस घालून पोहायला जाऊ. नणंद यायला तयार आहे, तिला पोहता येतं.