मदत हवी आहे: बायबल अभ्यासात दोघे-तिघेच बोलतात
जय ख्रिस्त. प्रौढांच्या गटासाठी याकोबाचे पत्र घेतले आहे: ५ अध्याय, १०८ वचने, ८ आठवडे. गटात १४ जण, वेळ ७५ मिनिटे. सुरुवातीची प्रार्थना ५, वाचन १०, चर्चा ४५ आणि एकमेकांसाठी प्रार्थना १५ मिनिटे.

घोळ चर्चेत होतो. दोघे-तिघे बोलतात, बाकीचे मान डोलावतात. ‘याकोब कोणाला लिहितोय?’ अशा प्रश्नाला एका वाक्यात उत्तर येते आणि विषय संपतो. अध्याय २ मधली १४ ते २६ वचने आली की कोणीतरी लगेच पौलाचे रोमकरांस पत्र ३:२८ (माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो) उघडतो आणि समोरचा उतारा बाजूलाच राहतो. (पौलाचा मुद्दा नियमशास्त्राच्या कर्मांचा, याकोबाचा क्रियांवाचून निर्जीव असलेल्या विश्वासाचा, पण हे समजवायला गेले की चर्चेचे प्रवचन होते!)

३ लहान गट करून २० मिनिटे द्यावीत, की सगळ्यांना एकत्र ठेवून प्रश्न आधीच्या रविवारी वाटावेत? गट केले तर बोलके लोक विखरून बसवावेत की एकाच गटात? आणि याच उताऱ्यावर ‘हो-नाही’त न संपणारे ३-४ प्रश्न कोणी सुचवेल का? तयार पाठ नकोत, प्रश्नच हवेत.