अनुभव धागा : पडद्यावरचे रडणे आणि आपले रडणे

धागाकर्ता : चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘काय अभिनय होता’ असे आपण म्हणतो, तेव्हा मनात बहुधा एखादा दीर्घ संवाद किंवा हमसून रडण्याचा प्रसंग असतो. माझे मत अलीकडे नेमके उलट झाले आहे : कथेने प्रेक्षकासाठी थोडी जागा रिकामी ठेवली, तरच नटाचे काम उठून दिसते. आपल्या मनात घर करून राहिलेला एखादा प्रसंग, तो कसा उभा केला आहे यासह, येथे लिहावा, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. ‘पथेर पांचाली’मध्ये (१९५५) हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो आणि आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोपुढे ठेवू लागतो, मुलगी दुर्गा गेल्याचे त्याला ठाऊक नसते. दुर्गासाठी आणलेली साडी हाती येताच सर्वजया कोसळते, मात्र तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा टिपेचा स्वर येतो. शाळकरी वयात हे प्रथम पाहिले, तेव्हा आवाजात बिघाड झाला असे समजून मी टीव्हीची कळ फिरवली होती.

प्रतिसाद : बारा वर्षे हौशी रंगभूमीवर काम केल्यानंतर एका लघुपटासाठी मी प्रथमच कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची सवय अंगात मुरलेली असल्याने पत्र वाचताना मी भुवया उंचावल्या, ओठ थरथरवले, आणि दिग्दर्शकांनी शांतपणे सांगितले, “काही करू नका, फक्त वाचा.” त्यात दुरून घेतलेल्या लाँग शॉटमध्ये ज्या शब्दावर पत्र खाली ठेवले, तासाभराने क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर ते ठेवावे लागते, नाही तर संकलकाला दोन तुकडे जुळवता येत नाहीत, या हिशेबात भावना कुठल्या कुठे जाते. पुढे तयार लघुपट पाहिला, तर माझ्या कोऱ्या चेहऱ्याला रिकाम्या खुर्चीचे दृश्य जोडलेले होते, आणि लोक माझ्या ‘संयत दुःखा’चे कौतुक करत होते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून हेच दाखवले होते. मी तर नुसते पत्र वाचत होते.

प्रतिसाद : धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. संयम हाही आता साचा झाला आहे. नायक खिडकीबाहेर पाहत पुटपुटतो, मागे एकटा पियानो वाजतो, आणि आपण त्याला गहन म्हणतो. तो पियानो म्हणजे जुन्या चित्रपटांतली व्हायोलिनेच, फक्त हळू आवाजातली. भडक म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांचे संवाद माझ्या आईला तोंडपाठ होते, कारण भर भांडणातही कोणत्या शब्दावर आवाज चढवायचा आणि कुठे श्वास राखून ठेवायचा, याचे गणित त्या नटांना पक्के ठाऊक असे. मला चीड आहे ती योगायोगांची. मध्यंतरापर्यंत माणसे स्वतः निर्णय घेतात. त्यानंतर अपघात, स्मृतिभ्रंश किंवा उशिरा सापडलेले पत्र त्यांच्या वतीने निर्णय घेऊ लागते, आणि नट बिचारा नुसता दचकत राहतो.

प्रतिसाद : योगायोगांचा विषय निघाला म्हणून ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) आठवला, जेथे खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्यूरी सदस्य जवळजवळ पूर्ण वेळ एकाच खोलीत वाद घालतात आणि निर्णय योगायोग नव्हे, माणसेच घेतात. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी कॅमेरा आरंभी डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मग समोर आणला आणि अखेरीस खाली नेला. त्यामुळे उत्तरार्धात छत दिसू लागते आणि खोली आक्रसल्यासारखी वाटते. हे वाचल्यावर दुसऱ्यांदा पाहताना मी केवळ छताकडे लक्ष ठेवायचे ठरवले होते. ली जे. कॉब यांचे पात्र मुलाबरोबरचे छायाचित्र फाडून ढसाढसा रडू लागले, तेव्हा छत कुठे होते, हे मला सांगता येणार नाही. आणि तो अभिनय मुळीच संयत नाही.

प्रतिसाद : ‘सैराट’ (२०१६) ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी पुढे वाचू नये. शेवटी लहानगे मूल रडत बाहेर पडते, तेव्हा ध्वनी पूर्ण थांबलेला असतो आणि त्याच्या मागे रक्ताने माखलेली इवलीशी पावले उमटत जातात. माझ्या मागच्या रांगेत चित्रपटभर एक प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरत होती, आणि मी दोनदा वळून रागाने पाहिलेही होते. ती तेव्हा थांबली, आणि दिवे लागल्यावरही बराच वेळ कोणी उठले नाही.