सासूबाईंची संकष्टी बंद केली. चुकलं का माझं?

सांगलीची सून
सासूबाई ७९ वर्षांच्या. अल्झायमर आणि सोबत रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया, असं मिश्र निदान आहे. मधुमेहही आहे, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. नातवाचं नाव आठवत नाही, पण कालनिर्णयावरची संकष्टी बरोबर सापडते. मग चंद्रोदयापर्यंत कडकडीत उपास आणि दुपारी चारपासून दर दहा मिनिटांनी, "चंद्र उगवला का गं?"
गेल्या संकष्टीला संध्याकाळी सातला दरदरून घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं. मशीनवर साखर ५४. साखरपाणी पाजल्यावर थोड्या वेळाने भानावर आल्या. त्या दिवसापासून मी उपास बंद केला. दीर म्हणतात, उपासाने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, तू त्यांचं नुकसान करतेयस. माझं मत ठाम आहे: डिमेन्शिया झाला की उपास संपला. कुणाला पटत नसेल तर बोला.

दोनच वेळा
मला नाही पटत. दीर अगदीच हवेत बोलत नाहीयेत. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. अल्झायमरमध्ये त्याला ग्लुकोज नीट वापरता येत नाही; कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारं पर्यायी इंधन, मात्र वापरता येतं, हे कॅनडात शेरब्रूकला स्टीफन कुनेन यांच्या गटाने मेंदूच्या पेट स्कॅनवर दाखवलंय. डेन्मार्कमध्ये आर्हसला २०१८ साली कीटोन दिल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३० टक्के वाढला. आणि कीटोन तयार होतात उपाशी राहिल्यावर. उपासावर २०१६ चं नोबेलही आहे. आपल्या आज्या वेड्या नव्हत्या.

बीपीची वही (एमडी मेडिसिन, सध्या निवृत्त)
नोबेल उपासाला नाही हो मिळालेलं. ते मिळालं जपानच्या ओसुमींना; त्यांचं काम यीस्टवरचं, पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवते यावरचं. यीस्ट संकष्टी करत नाही.
आर्हसचा प्रयोग खरा आहे, पण तिथे निरोगी माणसांच्या शिरेतून कीटोन सोडले होते. एका दिवसाच्या उपासाने रक्तातली पातळी त्याच्या जवळपासही जात नाही. १९६७ साली बॉस्टनला केहिल यांच्या गटाने मेंदू निम्म्याहून जास्त ऊर्जा कीटोनवर काढतो हे दाखवलं, ते पाच-सहा आठवडे उपाशी ठेवलेल्या लठ्ठ माणसांमध्ये. वर आपला उपास म्हणजे साबुदाणा: १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट. कीटोन कुठून येणार? एकादशी आणि दुप्पट खाशी!
आणखी एक. "रक्तपुरवठा वाढला" म्हणजे बरंच झालं, असं नसतं. साखर फार खाली गेली तरी मेंदूकडचं रक्त वाढतं. घरात धूर झाल्यावर आपण खिडक्या उघडतो, तशातली गत. त्याला हवेशीर घर म्हणायचं का?

मिरजोळ्याची काकू
उपासावर एवढं बोललात, आता जेवणावरही बोला. आमच्या ह्यांना पार्किन्सनचा डिमेन्शिया. दुपारी भात-आमटी पोटभर झाली की अर्ध्या तासात मान खाली, नजर शून्यात. दोनदा बेसिनपाशी पडले. सगळे म्हणायचे, वामकुक्षी आहे, झोपू दे. मुलाने एक दिवस बीपी घेतलं: जेवणाआधी १४२, जेवल्यावर चाळीस मिनिटांनी १०६. सूनबाई, तुम्ही उपास बंद करून दुपारी भरलं ताट वाढत असाल तर तेही बघा.

बीपीची वही
काकू, हे सोन्यासारखं बोललात. जेवल्यावर दोन तासांत वरचं बीपी २० किंवा जास्त उतरलं तर तो आजारच समजतात. बॉस्टनच्या लिप्सिट्झ यांनी १९८३ मध्ये वृद्धांमध्ये हे दाखवलं. जेवल्यावर आतड्यांकडचं रक्त दुपटीच्या आसपास जातं. तरुण शरीर हृदयाचा वेग वाढवून, इतरत्र शिरा आवळून बीपी सांभाळतं, त्यामुळे मेंदूचं रक्त कमी होत नाही. "रक्त पोटात गेलं म्हणून झोप येते" हे तुमच्याआमच्याबाबत खोटंच. पण पार्किन्सन, जुना मधुमेह, कडक झालेल्या रक्तवाहिन्या असल्या की ही व्यवस्था ढिली पडते. मग भाताचा डोंगर नको. थोडं थोडं चार-पाच वेळा, आणि हृदय-मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची ना नसेल तर जेवणाआधी दीडेक ग्लास पाणी.

दोनच वेळा
म्हणजे जेवणही निर्दोष नाही, हे मान्य केलंत. मग ५४ चा दोष उपासावर का? दोष गोळीचा. गोळी बदला. माणसाने पन्नास वर्षं केलेलं व्रत का बदलायचं?

बीपीची वही
गोळीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. या वयात, या आजारात ग्लिमेपिराइड आणि रिकामं पोट ही जोडी मीसुद्धा ठेवली नसती. वारंवार साखर पडणं आणि डिमेन्शिया यांचा संबंध दिसलेला आहे. पण गोळी बदलली तरी उपासाचं औषध होत नाही. या आजारात वजन आपोआपच झडतं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसच आहे की डिमेन्शियाच्या रुग्णावर पथ्याची बंधनं नकोत. वजन केलंत का कधी?

मिरजोळ्याची काकू
वजन कराच. पण एकदम "बंद" म्हणू नका हो. त्यांना सून ओळखू येत नसेल, पण संकष्टी ओळखू येते. फळं, दूध, राजगिऱ्याचा लाडू दर दोन तासांनी द्या. उपासाचंच म्हणून द्या. खातील. आणि चारलाच "उगवला हो चंद्र" म्हणून ताट वाढा.

पाटी-पेन्सिल
आणि चंद्र उगवला म्हणून दुपारीच खोटं सांगायचं? व्रत त्यांचं आहे. शुद्धीत असत्या तर असल्या फसवणुकीला हो म्हणाल्या असत्या का?

मिरजोळ्याची काकू
शुद्धीत असत्या तर "देव म्हणतो आधी गोळी घे" असं त्यांनीच आपल्या सासूला सांगितलं असतं.

सांगलीची सून
वजन केलं. ४६ भरलं. दिवाळीत ५१ होतं. हे मला दिसलंच नव्हतं, रोज डोळ्यांसमोर असून. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून दुसरी गोळी दिलीय. जेवणानंतरचं बीपी आठवडाभर लिहिलं, १२ ते १४ ने उतरतं, म्हणजे काकूंच्या यजमानांइतकं नाही. दीरांना हा धागा पाठवला, त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवलाय.

सांगलीची सून
काल संकष्टी झाली. सकाळपासून केळं, दूध, रताळ्याचा कीस, दर दोन तासांनी. चार वाजता वरण-भात आणि मोदक वाढला. "चंद्र?" म्हणाल्या. मी पाटी-पेन्सिल यांना घाबरून खोटं बोलले नाही, म्हटलं, दिसत नाहीये अजून. त्यांनी खिडकीतून आभाळ बघितलं. "ढग आहेत. त्या दिशेला अक्षता टाक आणि बस तूही."
सबंध भात संपवला.