पाणी एकदा द्यायचं की दोनदा?

तारकाम

मी घरीच चांदीचे दागिने करते आणि शनिवारी चार-पाच जणींना शिकवते. बाजारातली हत्यारं महाग पडतात, म्हणून कोरणी (चांदीवर नक्षी कोरायचं टोकदार हत्यार), बारीक छिन्नी, पत्रा कापायच्या करवतीचा सांगाडा असं जमेल ते आम्ही स्वतः बनवतो. मुलींसाठी दोन पानांचं टिपण मराठीत लिहायला घेतलं आणि पोलादाला ‘पाणी देणे’ या एका शब्दावर अडले आहे.

जुन्या तिकोनी कानशीची कोरणी करायची आमची रीत सांगते. कानस लालबुंद तापवायची आणि राखेत पुरून रात्रभर निवू द्यायची, म्हणजे ती मऊ पडते. मग दुसऱ्या कानशीने तिला आकार द्यायचा. आकार मनासारखा झाला की टोक पुन्हा लाल करायचं. साधारण ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याच्या किंचित वर नेऊन टोक झटकन तेलात बुडवायचं. आता ते काचेइतकं कडक होतं आणि काचेइतकंच ठिसूळही. म्हणून शेवटची पायरी उरते. एक बाजू घासून चकचकीत करायची आणि टोकाला ज्योत न लावता मागून मंद आच द्यायची. पोलादावर फिकट पिवळा रंग सरकत सरकत टोकापर्यंत आला की थांबायचं. हा ताप २०० ते २३० अंशांचा.

तेलात बुडवण्याला मी ‘पाणी देणे’ लिहिलं. मग शेवटच्या पायरीला काय म्हणू? आमच्या गावचे लोहारकाका दोन्ही पायऱ्या मिळून ‘पाणी देणं’ म्हणायचे. मीही भाबडेपणाने ‘पाणी देऊन घ्या’ एवढंच लिहिलं. एका मुलीने तेलात बुडवलं, पाणी दिलं असं समजली आणि कोरायला बसली. पहिल्याच रेघेला टोक उडालं. डोळ्यावर चष्मा होता म्हणून निभावलं. म्हणून मला वेगळा शब्द हवाच आहे.

निवृत्त निदेशक

फिटरच्या मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पुस्तकात ‘अनुशीतन’ (सावकाश निववून मऊ करणे), ‘कठिनीकरण’ (कडक करणे) असे शब्द होते. मुलं ते परीक्षेत लिहायची आणि भट्टीपाशी आली की ‘टेंपर’ म्हणायची. ताई, सरळ ‘टेंपर करणे’ लिहा. हा शब्द वर्कशॉपातल्या प्रत्येकाला कळतो.

शब्दांकुर

कळतो म्हणजे नेमकं काय कळतं, निदेशककाका? ‘ब्लेडचा टेंपर गेला’ म्हणतात तेव्हा ते मऊ पडलं असा अर्थ असतो. ‘टेंपर चांगला आहे’ म्हणजे कडक आहे. कारागिराच्या तोंडी टेंपर म्हणजे पोलादाचा एकूण कडकपणा. ताईंना हवा आहे तो कडकपणा थोडा कमी करण्याचा शब्द. तुमचा टेंपरसुद्धा ‘पाणी’सारखाच दोन्ही पायऱ्या गिळून बसला आहे. शिवाय आपल्याकडे शतकानुशतकं तलवारी, कोयते, विळे घडले. त्या लोहारांकडे या क्रियेला शब्द नव्हता असं मानायला माझं मन तयार नाही.

करवंद

शब्द होता आणि आहे. माझे आजोबा राजापूरकडे कोयते, आकड्या बनवायचे. ते म्हणायचे, ‘पाणी चढवलंस, आता थोडं उतरव.’ कोयता लाल करून बुडवला म्हणजे पाणी चढलं. मग पात्याची कड दगडावर घासून उजळ करायची आणि पाठीच्या बाजूने निखाऱ्यावर धरायची. ‘पेंढ्यावर आला की काढ’, हे त्यांचं वाक्य अजून कानात आहे. पेंढ्यावर म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या रंगावर. पण कोयत्याला ते तिथे थांबत नसत, आणखी पुढे तपकिरीपर्यंत नेत, कारण कोयत्याला घाव सोसायचा असतो. कोरणीला मात्र पेंढाच बरोबर.

तारकामताई, ‘पाणी चढवणे’ आणि ‘पाणी उतरवणे’ लिहा. जोडी आपोआप लक्षात राहते.

घाटमाथा

करवंददादा, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, आमच्याकडे ‘पाणी उतरलेली सुरी’ म्हणजे वाया गेलेली सुरी. कुणी चुलीत विसरून राहिलेला विळा काढला तर आजी म्हणायची, ‘गेलं याचं पाणी उतरून.’ माणसाचं पाणी उतरलं म्हणजे त्याची रग गेली. नवख्या मुलीने ‘पाणी उतरवा’ वाचलं तर ती कोरणी निळी पडेपर्यंत तापवेल. ३०० अंशांच्या निळ्यावर स्प्रिंग होईल, पण चांदी कोरायची धार टिकणार नाही.

आणि पेंढा फक्त तुमच्या कोकणात. सोलापूर, नगर, बीडच्या मुलीला कडबा, ज्वारीची वाळलेली ताटं, सांगा. कडब्याचा रंग पेंढ्यापेक्षा फिका असतो.

करवंद

फिका आहे म्हणूनच म्हणतो, पेंढा सांगा! ताज्या भाताचा पेंढा सोनेरी असतो. कडब्यावर काढलं तर कोरणी अजून ठिसूळच राहील.

घाटमाथा

कडबा किती दिवसांचा आहे ते बघा ना. पावसाआधीचा आणि नंतरचा यांत फरक पडतो.

पोथीवाचक

रंगाचं तुम्ही ठरवा, मला ‘पाणी’ या शब्दाकडे यायचं आहे, कारण तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आठव्या अध्यायात शस्त्रवैद्याच्या हत्यारांची ‘पायना’ सांगितली आहे. पायना म्हणजे पाजणे. ती तीन प्रकारची, ‘क्षारोदकतैलेषु’, म्हणजे क्षारात, पाण्यात आणि तेलात. बाणाचं टोक काढायला आणि हाड कापायला क्षार पाजलेलं हत्यार, मांस कापायला पाणी पाजलेलं, आणि शीर उघडायला, स्नायू छेदायला तेल पाजलेलं. सर्वांत नाजूक कामाला तेल. तारकामताई बारीक कोरणीला तेल वापरतात, ते याच्याशी किती जुळतं पाहा! पाण्यात पोलाद फार झपाट्याने निवतं आणि बारीक टोकाला तडे जातात. तेलात ते जरा सावकाश निवतं.

आपलं ‘पाजणे’ हे ‘पाययति’वरूनच आलं. तेव्हा हत्याराला पाणी ‘पाजतात’, देत नाहीत. पाजवणे म्हणजे धार लावणे, तेही याच्यातूनच आलं असं माझं पक्कं मत आहे.

शब्दांकुर

वा! म्हणजे तेलात बुडवूनही ‘पाणी’ कसं, ही माझी शंका फिटली. पाजायचं ते काहीही असू शकतं.

घाटमाथा

आणि शत्रूला ‘पाणी पाजणे’? तेही लोहाराच्या भट्टीतूनच आलं म्हणायचं का?

पोथीवाचक

तिथे मी जोर देणार नाही. पण ‘पाणीदार’ पाहा. पाणीदार तलवार, पाणीदार मोती, पाणीदार घोडा. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, आणि तलवारीची झळाळी, तिचा कसही आबच. आपण ‘आब राखणे’ तिथून घेतलं. दोन भाषांनी पोलादात पाणीच पाहिलं आहे.

मोगरा

मी न्यू जर्सीत राहते, गॅरेजमध्ये तांब्याची आणि चांदीची कर्णफुलं करते. पोथीवाचककाका, एक विरोध नोंदवते. ‘पाजवणे’चं नातं ‘पाजळणे’शी आहे. शस्त्रं पाजळतात, दिवे पाजळतात, अक्कलसुद्धा पाजळतात. पाजळणे आलं ‘प्रज्वल’वरून. घासल्यावर धार चमकते, उजळते, म्हणून पाजळली. यात पिण्याचा काही संबंध नाही. आमच्या नाशिकच्या घरी ‘विळी पाजळून आण’ असंच म्हणत.

पोथीवाचक

आमच्याकडे ‘पाजवून आण’. ‘ळ’ कुठून आला आणि कुठे गेला, याचा पुरावा तुम्ही द्या.

मोगरा

पुरावा दिव्यांचा आहे. दिवे कुणी ‘पाजवत’ नाही.

पोथीवाचक

म्हणूनच म्हणतो, शब्द दोन आहेत. एक दिव्यांचा आणि एक हत्यारांचा. बोलण्यात ते एकमेकांत मिसळले. ‘परजणे’ तर तिसराच, तलवार हातात फिरवून सज्ज करणे. वर्तमानपत्रं हल्ली तिन्ही एकाच अर्थाने छापतात आणि वाईट वाटतं. हे तीन वेगळे शब्द आहेत, तीन वेगळ्या कामांचे.

हुपरीकर

मी कोल्हापूरकडच्या हुपरीचा. आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम आहे, पैंजण मुख्य. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. तारकामताईंनी करवत लिहिलं ते फार बरं केलं, ‘आरी’ लिहू नका. हिंदीभाषक कारागीर पत्रा कापायच्या बारीक करवतीला आरी म्हणतात. आपल्याकडे आरी म्हणजे चांभाराची, कातड्याला भोक पाडायची. आणि आरी वर्क करणाऱ्या बायकांची आरी म्हणजे आकडीवाली सुई. एका नवीन पोराला मी आरी आण म्हटलं, तो चपला शिवणाऱ्याकडे जाऊन आला.

शब्दांकुर

पराणीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, ‘आर’ तीच. टोकदार वस्तू हा मूळ अर्थ, आणि संस्कृतात ‘आरा’ म्हणजे चांभाराची टोचणी. म्हणजे मराठीने जुना अर्थ जपला आहे. हिंदीतून उसना आणून तो पुसू नये असं मला कळकळीने वाटतं.

हुपरीकर

पण झवेरी बाजारात काम मागायला गेलात तर आरीच म्हणावं लागतं, शब्दांकुरजी. तिथे बंगालचे कारागीर पुष्कळ, बोलणं हिंदीत. अर्थ जपला आणि काम हुकलं, असं व्हायला नको. दोन्ही माहीत पाहिजेत.

सांगाड्याचंही सांगतो. आठ मिलिमीटरची सळई वाकवून चांगला होतो. पातं लावताना सांगाडा छातीने किंचित दाबून धरा आणि मग स्क्रू आवळा. नखाने छेडलं की पातं तारेसारखं वाजलं पाहिजे. दात मुठीकडे, म्हणजे खाली ओढताना कापतं. आणि पत्र्याच्या जाडीत निदान दोन-तीन दात बसले पाहिजेत, नाहीतर अडकून तुटतं.

तारकाम

हुपरीकरदादा, हे मी जसंच्या तसं टिपणात घेते. आरीचंही कबूल. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. ‘ताव देणे’ चालेल का? ‘तावून सुलाखून’मधलं तावणे.

पोथीवाचक

तो वाक्प्रचार तुमच्याच धंद्यातला आहे! सोनं तावून पाहायचं आणि सुलाखून पाहायचं. सुलाखणे म्हणजे भोक पाडणे, फारसी ‘सुराख’ म्हणजे भोक. वरून सोनं आणि आत तांबं असेल तर भोक पाडल्यावर उघडं पडतं. आज माणसाबद्दल आणि साहित्याबद्दल वापरतात, पण मूळ सोनाराच्या हातातलं.

घाटमाथा

‘ताव देणे’ नको. मिशीला ताव देतात. जेवणावर ताव मारतात. कागदाचा ताव वेगळाच. शिवाय मऊ करतानाही ताव, पाणी चढवतानाही ताव. तीनही वेळा तापवायचंच आहे, मग कुठला ताव ते कसं कळणार?

निवृत्त निदेशक

म्हणून मी टेंपर म्हणत होतो. असो. सुरक्षेचं सांगतो, ते शब्दापेक्षा मोठं आहे. मुली हॅकसॉचं जुनं ब्लेड घासून चाकू करतात, त्याला ही रीत लावू नये. हायस्पीड स्टीलचं ब्लेड राखेत पुरून मऊ होत नाही आणि त्याला पाणी द्यायचा ताप घरच्या शेगडीवर मिळत नाही. ते नुसतं ग्राइंडरवर थंड ठेवत घासावं. आणि बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं, असेल तर फक्त दातांची कड कडक असते, ती घासून टाकली तर उरतो साधा पत्रा.

करवंद

ज्योतीवर रंग पटकन पळतो, हातात सापडत नाही. कढईत बारीक वाळू घालून गॅसवर तापवा, कोरणीची शेपटी वाळूत खोचा आणि टोक वर ठेवा. रंग सावकाश चढतो, नीट बघता येतो. आजोबांकडे गॅस नव्हता, पण वाळू त्यांचीच युक्ती. आणि हो, ते ‘रंगावर आणणे’ असंही म्हणायचे, आत्ता आठवलं. ‘पाणी दिलं, आता रंगावर आण.’

तारकाम

‘रंगावर आणणे’! हे मला फार आवडलं. पाणी द्या आणि रंगावर आणा. यात कृती काय आणि कुठे थांबायचं, दोन्ही आलं.

शब्दांकुर

आवडलं, पण गाणं रंगावर येतं, बैठक रंगावर येते. तांत्रिक लेखनात तो अर्थ आडवा येणार नाही का? ‘पायना’ आणि ‘उपपायना’ असे दोन शब्द घडवले तर?

हुपरीकर

उपपायना म्हटलं तर आमच्याकडे एकही पोरगं भट्टीपाशी थांबणार नाही, दादा.

मोगरा

मला एक विचारायचं आहे. कोरणी तयार झाल्यावर तिला धार कशावर लावता? इथे तेलाचे दगड मिळतात. आईकडे एक काळा गुळगुळीत दगड होता, त्याला ती ‘निसणा’ म्हणायची. शब्द कुणाला माहीत आहे का?

पोथीवाचक

माहीत आहे का! सुश्रुताच्या त्याच अध्यायात शस्त्रांच्या ‘निशाना’साठी, म्हणजे धार लावण्यासाठी, उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे. निसण्याचं मूळ मी तिथेच शोधतो. आणि पुढे धार बसवायला शाल्मलीची फळी, म्हणजे सावरीचं लाकूड. तुमच्या आईचा काळा दगड म्हणजे ती उडदाच्या रंगाची शिळा. मला हे वाचून भरून आलं.

घाटमाथा

आमच्याकडे सहाण म्हणतात.

करवंद

सहाण चंदनाची हो. हत्याराची वेगळी.

घाटमाथा

आमच्याकडे दोन्हीची सहाण.

मोगरा

आणि निसण्यावर तेल घालायचं की पाणी? आई पाणी घालायची असं आठवतं, पण इथल्या दगडाबरोबर आलेल्या कागदावर तेल लिहिलं आहे.

करवंद

आजोबा पाणीच. तेल घातलं की दगड ‘बुजतो’ म्हणायचे. एकदा तेल पडलेल्या दगडावर मग पाणी धरत नाही, ते मात्र मी स्वतः पाहिलं आहे.