स्टोअररूममधल्या पुड्या आणि रविवारची कानबाई

(सोसायटीचा ग्रुप, जळगाव. श्रावण, गुरुवार सकाळ)

मोठ्या ताई, बी-२०४: सेक्रेटरी साहेब, नमस्कार. रविवारी कानबाईचा उत्सव आहे, हे वेगळं सांगायला नको. आज पेटी आणि ढोलकी काढायला स्टोअररूम उघडली. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत. भात्यावर पांढरी बुरशी. ढोलकीवर थाप मारली तर ओल्या गोधडीवर मारल्यासारखी वाजते. वर्गणी काढून घेतलेली पेटी आहे, कुणाच्या माहेरची नाही.

मोठ्या ताई, बी-२०४: फोटो टाकलेत. बघून घ्या.

सेक्रेटरी: ताई नमस्कार 🙏 पाहिले. वाईट वाटलं. पण कमिटीने काहीच केलं नाही असं नको व्हायला. पावसाळ्याआधीच अप्पांनी ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या होत्या.

अप्पा खजिनदार: ४० पुड्या. गोलाणी मार्केटमधून. बिल फाइलला आहे. स्वतःच्या हाताने कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या.

नाना, ए-१०२: १०१ च्या बाथरूमखालची भिंत आधी दुरुस्त करा. बाकी सगळं नंतर.

बी-३०३: सुप्रभात. मनात विश्वास असेल तर वाटा आपोआप सापडतात 🌹

ए-१०१ वहिनी: नाना, गळती माझ्या बाथरूमची नाही. प्लंबरने सांगितलं आहे, ती कॉमन लाइन आहे. कॉमन लाइन म्हणजे सोसायटीचा खर्च. हे मीटिंगमध्येही बोलले होते, मिनिट्समध्ये आलं नाही ती गोष्ट वेगळी.

बंटी: अप्पा, ४० पुड्या स्टोअरलाच गेल्या ना? की काही काकूंच्या बिबड्यांच्या डब्यात 😂

अप्पा खजिनदार: बंटी, तुझ्या वडलांशी बोलतो संध्याकाळी.

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: अप्पा, पुडी केवढी होती? पाच ग्रॅमची?

अप्पा खजिनदार: हो. छोटी. पांढरी. बुटांच्या खोक्यात येते तशीच. खाऊ नका असं लिहिलेली.

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: मग ती पावसाच्या पहिल्या आठवड्यातच भरून गेली असणार. पांढरीचा रंग बदलत नाही, त्यामुळे भरली की नाही ते कळतही नाही. भरलेली पुडी म्हणजे नुसती वाळूची पुडी.

प्राध्यापक सर, बी-४०१: हिशेबच मांडतो. स्टोअररूम दहा बाय दहा, उंची दहा फूट धरा. म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. सध्या आर्द्रता ८५ टक्के धरली आणि ती ५० वर आणायची म्हटलं, तर फक्त हवेतूनच ३०० ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागेल. पुडीतलं सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा पाणी धरतं. ४० पुड्या म्हणजे २०० ग्रॅम जेल, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम पाणी. लागणार किमान एक किलो. आणि एवढं करून कुणी दार उघडलं की बाहेरची हवा परत आत.

प्राध्यापक सर, बी-४०१: भिंतीतून, लाकडातून, मंडपाच्या कापडातून येणारं पाणी मी धरलेलंच नाही.

नाना, ए-१०२: तेच तर. १०१ च्या बाथरूमखालची भिंत आधी दुरुस्त करा.

ए-१०१ वहिनी: नाना 🙏🙏🙏

बी-३०२ काका: एवढा हिशेब कशाला. आमच्याकडे गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला टाकायचे. वर्ष वर्ष दाणा टिकायचा. पेटीतही टाका पाला.

ए-४०२ ताई: काका, पाला किड्यासाठी. ओल्यासाठी नाही. ओला पाला टाकला तर बुरशीची सोयच झाली.

बी-३०२ काका: बरं. मग चुन्याची डली?

प्राध्यापक सर, बी-४०१: कळीचा चुना पाणी ओढतो, खरं आहे. पण ओढताना तापतो आणि भुगा होऊन सगळीकडे उडतो. पेटीच्या सुरांवर तो भुगा नको. सूर म्हणजे आतल्या पितळेच्या पातळ पात्या.

मोठ्या ताई, बी-२०४: मला रविवारचं सांगा. रोट करायचे, गाणी म्हणायची, बायका माहेरून येतात. पेटीशिवाय काय करायचं?

बंटी: ब्लूटूथ स्पीकर 😎

मोठ्या ताई, बी-२०४: तू गप.

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: ताई, आधी एक करा. पेटी उन्हात ठेवू नका, आणि केस वाळवायच्या मशीनने तर अजिबात नको. ओलं लाकूड एकदम वाळलं की तडकतं. झाकण उघडून, भाता मोकळा करून घरात पंख्याखाली दोन दिवस ठेवा. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने, गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून झाडा. ढोलकीला ऊब द्यायची तर लांबूनच, गॅसवर धरू नका. पट्ट्या लाकूड फुगल्याने अडकल्या असतील तर पेटीवाल्यालाच बोलवा, घरी घासू नका.

सेक्रेटरी: भाऊ धन्यवाद. पेटीवाल्याला फोन करतो.

ए-२०३: विषय निघालाच आहे म्हणून. स्टोअररूमच्या दारात पांढरी अ‍ॅक्टिव्हा कुणाची आहे? रोज तिथेच. दार अर्धंच उघडतं.

बी-२०१: त्या जागी पार्किंगची रेघ मारलेली नाही. पावसात गाडी कुठे लावायची? तुमची चारचाकी दोन जागा खाते, तेव्हा कुणी बोलत नाही.

ए-२०३: हा संदेश हटवला गेला

सेक्रेटरी: पार्किंगसाठी वेगळा ग्रुप आहे. कृपया 🙏

नाना, ए-१०२: मी कव्हयपासून सांगी राहिनू. भिंत. कोन्ही ऐकत नही.

(दुपार)

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: जेवण झालं, आता नीट लिहितो, कारण दरवर्षी हेच होतं. माझा धंदा लेन्सवर चालतो. आर्द्रता ६०-६५ च्या वर राहिली की लेन्सच्या आत बुरशीचे धागे धरतात, मग काचेवरचा लेपही जातो. म्हणून मी दुकानात हे सगळं करून बसलोय.

पुड्या दोन जातीच्या असतात. एक सिलिका जेलची. ती फक्त ओढते. भरली की थांबते. नारिंगी रंगाची घेतली तर भरल्यावर हिरवी होते, मग १००-१२० अंशावर तासदोन तास ओव्हनमध्ये तापवली की पुन्हा नारिंगी, पुन्हा वापरा. निळी मिळते, ती गुलाबी होते. पण निळीत कोबाल्ट असतं, ते अंगाला चांगलं नाही. घरात पोरंबाळं असतील तर निळी आणूच नका.

दुसरी जात दोन्हीकडून काम करणारी. आत क्षारांचं घट्ट द्रावण, वरून वाफ जाऊ देणारा कागद. पुडीवर आकडा छापलेला असतो. डब्यातली आर्द्रता त्यापेक्षा वाढली की ओढते, कमी झाली की सोडते. लाकडी वाद्यांसाठी ४९ टक्केवाली येते. ६२, ६९ वाल्याही मिळतात, पण त्या सिगार ठेवणाऱ्यांच्या.

बंटी: म्हणजे बी-५०१ काकांसाठी 😂

बी-५०१: मी सोडून वर्ष झालं. ग्रुपवर असले विषय नको.

प्राध्यापक सर, बी-४०१: भाऊंचं बरोबर आहे. तत्त्व जुनं आहे. क्षाराचं संपृक्त द्रावण बंद डब्यात ठेवलं की हवा एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबते. मिठाच्या द्रावणावर ती ७५ टक्क्यांवर थांबते. प्रत्येक क्षाराचा आकडा वेगळा.

अप्पा खजिनदार: मग साधी पुडी वाईट आणि महागडी पुडी चांगली, असंच ना? पैसे कुणी द्यायचे?

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: अप्पा, तसं नाही. तुम्ही पुड्या ठेवल्या ते बरंच केलं, जागा चुकीची होती. उघड्या खोलीत कुठलीच पुडी चालत नाही, हजाराची आणा नाहीतर दहाची. झाकणाला रबरी कडा असलेला घट्ट डबा पाहिजे. खोली राहू द्या ओली, डबा कोरडा ठेवायचा.

आणि पेटीसाठी साधी सिलिका मी सुचवणारच नाही. आपलं गाव पुण्यासारखं नाही. पावसाळ्यात हवा ओली, पण मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि दुपारी आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. तेव्हा लाकूड आटतं. सांधे सुटतात, भात्यातून हवा निघते, फळीला चीर जाते. ताई, मागच्या उन्हाळ्यात पेटी ‘फुसफुस’ करत होती, आठवतं? सिलिका जेल तेव्हाही ओढतच बसेल. वाद्याला ४५ ते ५५ च्या मध्ये राहू द्या, बस.

मोठ्या ताई, बी-२०४: आठवतं. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या वेळी. पेटी जुनी म्हणून असं होतं, असं तेव्हा सांगितलं होतं मला. कोणी सांगितलं ते लिहीत नाही.

सेक्रेटरी: 🙏

ए-४०२ ताई: आमच्या घरी कपाटात लटकवायचा पाणी साठणारा डबा आहे. दर महिन्याला तळाला पाणी जमतं, म्हणजे काम करतो. तोच ठेवा ना स्टोअरमध्ये?

प्राध्यापक सर, बी-४०१: तो कॅल्शियम क्लोराइडचा. ओढतो भरपूर, पण जमतं ते खारं पाणी. आडवा पडला की साऊंडच्या वायरी, पितळी समया, सगळ्यावर गंज. उभा राहील याची खात्री असेल तर कपड्यांच्या कपाटात ठीक.

बी-३०२ काका: भाऊ, माझ्याकडे कपाशीचं आणि भाजीचं थोडं बियाणं आहे. त्यातही ४९ वाली टाकू का?

प्राध्यापक सर, बी-४०१: नको. बियाण्याला त्याहून कोरडं लागतं. तिथे साधी सिलिकाच बरी, पण बी आधी सावलीत नीट वाळलेलं हवं आणि बरणी घट्ट. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. पार सुकवायचंही नाही. ५ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंतच तो हिशेब लागू.

ए-१०१ वहिनी: बाळ आहे घरात. चुकून पुडी तोंडात गेली तर?

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: सिलिका विष नाही, पण घशात अडकते. तोंडात गेलं असं वाटलं तर पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे. खाण्याच्या पाकिटात लोखंडाच्या भुकटीची पुडी येते ती वेगळी, ती हवेतला ऑक्सिजन खाते, ओलावा नाही. ती पेटीत ठेवून फायदा नाही.

बंटी: अप्पांच्या ४० मध्ये त्या किती होत्या? 😂😂

अप्पा खजिनदार: सेक्रेटरी साहेब, याला ग्रुपमधून काढा नाहीतर मी निघतो. दरवर्षी फुकटात हिशेब लिहायचा आणि वर पोरासोरांचं ऐकायचं.

ए-२०१ वहिनी: अप्पा, मनावर घेऊ नका हो. पोरगं आहे. तुमच्यामुळे तर ऑडिट वेळेवर होतं.

नाना, ए-१०२: १०१ च्या बाथरूमखालची भिंत आधी दुरुस्त करा. पुड्या कितीही आणा.

प्राध्यापक सर, बी-४०१: नानांचा मुद्दा शास्त्राला धरून आहे, त्यांचा सूर बाजूला ठेवला तर. ओली भिंत रोज पाणी देते, पुडी ग्रॅममध्ये ओढते. डबा घेतला तरी तो त्या भिंतीला टेकवून ठेवायचा नाही.

ए-१०१ वहिनी: सर, तुम्हीही? छान.

प्राध्यापक सर, बी-४०१: वहिनी, भिंत कुणाची हे मी बोललोच नाही.

(संध्याकाळ)

सेक्रेटरी: सर्वांचं ऐकलं. कमिटीतल्या तिघांशी बोललो. खालीलप्रमाणे. पेटी-ढोलकीसाठी रबरी कडेचा मोठा डबा आणि ४९ वाल्या पुड्या. मंडपाचं कापड, झालर, लाइटच्या माळा आधी कडक वाळवून वेगळ्या डब्यात, त्यात नारिंगी सिलिका. सोसायटीची रजिस्टरं आणि शेअर सर्टिफिकेटची फाइल माझ्या घरी येईल, कसर लागलेली आहे. भिंतीसाठी कॉमन लाइनचं कोटेशन या आठवड्यात. कोणाची जबाबदारी ते कोटेशन आल्यावर मीटिंगमध्ये.

स्टुडिओवाले भाऊ, बी-१०३: डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. आणल्यावर तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून चिखल करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या जवळ दिसलं पाहिजे. स्वस्त मापक चार-पाच टक्के चुकतात. किती चुकतो ते डब्यावर लिहून ठेवा. ४९ वाली पुडी कडक झाली की संपली, ती ओव्हनमध्ये घालायची नाही. आणि ओली पेटी डब्यात ठेवू नका. पंख्याखाली वाळल्यावरच.

अप्पा खजिनदार: पैसे गणपतीच्या फंडातून की मेंटेनन्समधून? लेखी द्या. तोंडी खर्च मी टाकणार नाही. चार फ्लॅटचं मेंटेनन्स अजून आलेलं नाही, नावं टाकत नाही.

ए-२०३: टाका की नावं.

बी-२०१: टाकाच. आधी पार्किंगचा दंड कुणाचा बाकी आहे तेही टाका.

सेक्रेटरी: कृपया 🙏 फंड गणपतीचा. लेखी देतो. ताई, पेटीवाले उद्या साडेपाचला येतो म्हणाले. रविवारपर्यंत पट्ट्या मोकळ्या होतील, सूर नंतर लावू म्हणाले. ढोलकीवरची काळी शाई सुटली असेल तर पुडी बदलावी लागेल, ते पाहून सांगतील.

बंटी: पुडी??? अजून एक पुडी? 😂

मोठ्या ताई, बी-२०४: ढोलकीच्या तोंडाला पुडीच म्हणतात बाळा. उद्या साडेपाचला खाली ये, पेटी उचलायला दोन माणसं लागतात. बी-२०१, तेवढी अ‍ॅक्टिव्हा पाच वाजता हलवून ठेवा.

बी-२०१: हलवतो. पण पाऊस असेल तर झाकायला ताडपत्री तुम्ही द्या.

अप्पा खजिनदार: ताडपत्री स्टोअरमध्ये आहे. ओली असेल.