‘आम्ल फॉस्फेटेज’ म्हणजे आम्ल का? यीस्टमधील विकरांच्या नावांविषयी

प्रश्न : यीस्टवरील एका लेखाच्या मराठी अनुवादात ‘आम्ल फॉस्फेटेज’ (फॉस्फेटेज म्हणजे संयुगांतील फॉस्फेट सुटे करणारे विकर) असा शब्द आला आहे. विकर हे प्रथिन असताना त्याला आम्ल म्हणणे योग्य आहे का? त्याच लेखात ‘फो४’ हे नाव एके ठिकाणी विकराला आणि दुसऱ्या ठिकाणी जनुकांचे नियमन करणाऱ्या प्रथिनाला लावले आहे. ही मुद्रणाची चूक समजावी का?

प्रतिसाद : आपली पहिली शंका रास्त आहे. येथे ‘आम्ल’ हे विशेषण विकराच्या घटनेविषयी काही सांगत नाही. विकर ज्या माध्यमात सर्वाधिक कार्यक्षम असते, त्या माध्यमाकडे ते निर्देश करते. ‘आम्लधर्मी’ लिहूनही संदिग्धता जात नाही, म्हणून माझ्या मते पहिल्या उल्लेखात खुलासा करावा आणि पुढे रूढ झालेले ‘आम्ल फॉस्फेटेज’च चालू ठेवावे. या नावांवरून विकराचे पेशीतील स्थान मात्र ओळखू नये. सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसिई या कलिकायनाने वाढणाऱ्या यीस्टमधील ‘फो८’ हे अल्कधर्मी फॉस्फेटेज रिक्तिकेत असते, आणि रिक्तिकेचा अंतर्भाग तर आम्लीय असतो!

‘फो४’ ही मुद्रणाची चूक नाही. सेरेव्हिसिईमध्ये फॉस्फेटचा तुटवडा पडला की फो४ हे नियामक प्रथिन केंद्रकात राहून फो५ या जनुकाला चालना देते, आणि त्यातून तयार होणारे आम्ल फॉस्फेटेज पेशीपटलाबाहेर येऊन सेंद्रिय संयुगांतील फॉस्फेट सुटे करते. फॉस्फेट मुबलक असताना फो८० आणि फो८५ यांची जोडी फो४ला फॉस्फेट जोडते व त्यामुळे ते केंद्रकाबाहेर जाते. द्विविभाजनाने वाढणाऱ्या शायझोसॅकॅरोमायसीस पॉम्बेमध्ये मात्र फो४ हे स्वतःच आम्ल फॉस्फेटेज आहे आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) उपलब्ध असले की त्याची निर्मिती थांबते. तेथे फॉस्फेटच्या तुटवड्यात वाढणाऱ्या विकराचे नाव फो१. दोन्ही यीस्टमधील जनुकांना नावे स्वतंत्रपणे दिली गेली, त्यामुळे समान क्रमांकावरून समान कार्य गृहीत धरता येत नाही.

आणखी एक प्रतिसाद : ‘सीडीसी२५’ची गत याहून बिकट आहे. पॉम्बेमध्ये ते पेशीविभाजनाला वाट मोकळी करणारे फॉस्फेटेज आहे, तर सेरेव्हिसिईमध्ये त्याच नावाचे प्रथिन पेशीतील संकेत पुढे नेणाऱ्या ‘रास’ या प्रथिनाला कार्यान्वित करते आणि ते फॉस्फेटेजच नाही. तेथील समकक्ष फॉस्फेटेजला ‘मिह१’ म्हणतात. उलट कॅन्डिडा ग्लाब्राटा या आणखी एका यीस्टमध्ये फो५चे काम ‘पीएमयू२’ हे वेगळ्याच कुळातील विकर करते. म्हणून अनुवादात नुसते ‘यीस्टमधील फो४’ असे न लिहिता प्रजातीचे नाव प्रत्येक वेळी जोडावे, मग वाक्य थोडे लांबले तरी हरकत नाही.